प्रोस्टेट ५२ ग्रॅम आलंय, आता ऑपरेशनच का?

प्रश्न: वय ६६. रात्री चार-चारदा लघवीला उठतो, धार बारीक झालीय, सुरू व्हायलाच वेळ लागतो आणि जाऊन आलो तरी थोडी राहिलीय असं वाटतं. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५२ ग्रॅम. एक मित्र म्हणतो काढूनच टाक, दुसऱ्याने सॉ पाल्मेटो या वनस्पतीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्यात. ऑपरेशन टाळता येईल का?

उत्तर: बऱ्याच जणांचं टळतं. आधी तो ५२ चा आकडा डोक्यातून काढा, कारण ३० ग्रॅमवाला हैराण असतो आणि ८० ग्रॅमवाला रात्रभर ढाराढूर झोपतो असंही होतं, प्रोस्टेटची वाढलेली गाठ लघवीच्या वाटेला कुठे दाबतेय त्यावर सगळं. रिपोर्टमध्ये बघायचं ते लघवी करून झाल्यावर पिशवीत किती उरते ते, आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते.

गोळ्या साधारण दोन जातीच्या. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन वगैरे तिथले स्नायू सैल करतात, चार-आठ दिवसांत धारेत फरक कळतो, पण गाठ आहे तेवढीच राहते. उठताना चक्कर येऊ शकते म्हणून रात्री पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा आणि मगच उभे राहा. वीर्य कमी किंवा अजिबात न येणं हेही होतं, घाबरू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे (किंवा आधी घेतलीय) हे आवर्जून सांगा. दुसरी जात फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड. ही गाठ खरंच आकसवतात पण सहा महिने तरी धीर धरावा लागतो, लोक दोन महिन्यांत कंटाळून सोडतात आणि म्हणतात गुण आला नाही. कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं काहींना होतं. आणि या गोळ्यांनी पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका बघायची रक्ततपासणी) जवळजवळ निम्मा दिसतो, म्हणजे वर्षभराने २ आला तर तो ४ धरायचा, त्यामुळे पीएसए गोळी सुरू करायच्या आधीच करून घ्या.

कॅप्सूलचं म्हणाल तर मोठ्या चाचण्यांमध्ये सॉ पाल्मेटो साध्या बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. मित्राचं मन राखायला घ्यायच्या तर घ्या, पण डॉक्टरांना सांगून, आणि त्यांच्या भरवशावर तपासण्या पुढे ढकलू नका.

एक गोष्ट मात्र करून बघा. तीन दिवस मापाचा मग घेऊन प्रत्येक वेळची लघवी मिलीत लिहा, वेळेसकट. चोवीस तासांतल्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रात्रीच होत असेल तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नाही, पायाची सूज, शुगर, झोपेत श्वास अडकणं हेही तपासावं लागतं आणि नुसती प्रोस्टेटची गोळी वाढवून उपयोग नाही. संध्याकाळनंतर चहा, दारू, पाणी कमी. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. आणि सर्दीची गोळी मनाने घेऊ नका, नाक मोकळं करणाऱ्या कितीतरी गोळ्यांनी लघवी पार अडते.

गोळ्यांनी भागलं नाही तर मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून प्रोस्टेटचा रक्तपुरवठा कमी करतात, एम्बोलायझेशन म्हणतात, त्यात कापाकापी नाही. सगळ्यांना ते जमतंच असं नाही, रक्तवाहिन्या कशा आहेत ते बघावं लागतं.

पण लघवी पूर्ण तुंबली, थंडी वाजून ताप आला किंवा लघवीतून रक्त गेलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. आणि वारंवार तुंबणं, पिशवीत खडे, किडनीवर ताण यातलं काही निघालं तर मात्र ऑपरेशनला उगाच नाही म्हणत बसू नका.