‘कोल्ड फिश’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न असा आहे: एका इंग्रजी कथेत बायको नवऱ्याबद्दल ‘ही इज अ कोल्ड फिश’ असं म्हणते. अनुवादात ‘तो थंड मासा आहे’ लिहिलं तर चालेल का? आणि कुणाला जवळ येऊ न देणाऱ्या माणसांसाठी इंग्रजीत आणखी काय काय म्हणतात?

‘थंड मासा’ नको. मालवणातल्या वाचकाला कालचं उरलेलं कालवण आठवेल. शिवाय आपल्याकडे ‘थंड’ माणूस म्हणजे माया नसलेला माणूस नव्हेच. ‘आमचे हे अगदी थंड हो, गाडी सुटायची वेळ झाली तरी चहा ढवळत बसतील’ ही तक्रार संथपणाची आहे.

इंग्रजीत मात्र हा मासा जुना आहे. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये (1611 साली त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे) ऑटोलिकस नावाचा भामटा फेरीवाला भोळ्या खेडुतांना छापील गाणी विकतो. त्यातलं एक गाणं एका मासोळीचं. मुळात ती बाई होती. प्रेम करणाऱ्याला तिनं जवळ येऊ दिलं नाही, म्हणून तिचा थंडगार मासा झाला, अशी थाप तो बेधडक ठोकतो. आजचा वाक्प्रचार थेट या थापेतूनच निघाला असं मी म्हणणार नाही, पण कल्पना तीच. हल्ली तो बाईला आणि पुरुषाला सारखाच लागतो. ‘आइस क्वीन’ मात्र बाईच्याच वाट्याला येतं, आणि बरेचदा तिचा गुन्हा इतकाच असतो की ती उगाच हसत नाही.

‘अलूफ’ हा माझा आवडता. तो खलाशांचा शब्द. वारा किनाऱ्याकडे लोटत असला की गलबत खडकावर जाण्याची भीती. मग सुकाणूवाल्याला हुकूम सुटायचा की तोंड वाऱ्याकडे ठेव, किनाऱ्यापासून लांब राहा. वाऱ्याची बाजू म्हणजे ‘लूफ’, त्यावरून ‘अलूफ’. म्हणजे लांब राहण्यात मुळात तुसडेपणा नव्हता, जीव वाचवणं होतं. याला ‘अलिप्त’ हा प्रतिशब्द सर्रास वापरतात, पण मला तो खटकतो. अलिप्त म्हटलं की कमळाचं पान आणि गीता आठवते आणि ती स्तुती होऊन बसते. ‘फटकून वागणारा’ किंवा ‘चार हात लांब राहणारा’ जास्त जवळचं. ‘माणूसघाणा’ त्याच्याही पुढचा. त्याला माणसं नकोच असतात.

‘स्टिफ अपर लिप’ वेगळ्या घरातला. तिथं भावना असते, पण वरचा ओठ थरथरू द्यायचा नाही. इंग्रजांचा म्हणून गाजलेला हा वाक्प्रचार छापलेला आधी सापडतो तो अमेरिकेत, 1815 च्या मॅसॅच्युसेट्समधल्या वृत्तपत्रात. अशा माणसाला कोरडा म्हटलं तर अन्याय होईल. त्यानं ‘मन घट्ट केलेलं’ असतं. ‘पोकर फेस’, म्हणजे पत्त्यांच्या पोकर खेळातला निर्विकार चेहरा, हाही तसाच, फक्त त्यात डाव असतो. ‘ताकास तूर लागू देत नाही’ तिथं चपखल बसतं. आणि ‘कोल्ड शोल्डर’ हा स्वभाव नसून कृती आहे: एखाद्याशी मुद्दाम तुटक वागणं. नकोशा पाहुण्याला मटणाच्या खांद्याचा गार तुकडा वाढायचे, त्यावरून हा वाक्प्रचार आला, ही गोष्ट फिरते. पण वॉल्टर स्कॉटच्या 1816 च्या कादंबरीत हा खांदा ‘दाखवलेला’ आहे, वाढलेला नाही. त्यामुळे मटण विसरा.

आता मूळ अडचण. इंग्रजी माणूस माया मोजतो ती उष्णतेत: कोल्ड, फ्रॉस्टी, आणि उलट बाजूला वॉर्म. आपण मोजतो ओलाव्यात. आपल्याकडे ‘मायेची ऊब’ आहे, नाही असं नाही. पण लेकराला पाहून आईचे डोळे निवतात, म्हणजे गारच होतात, आणि सासुरवासाची ‘झळ’ लागते. माया नसली की माणूस ‘कोरडा’, ‘रूक्ष’. ‘स्नेह’ म्हणजे मुळात तेल-तूप. आयुर्वेदात स्निग्ध आणि रूक्ष ही विरुद्ध गुणांची जोडीच आहे. ‘जिव्हाळा’ या शब्दाचा एक जुना अर्थ पाण्याचा जिवंत झरा. विहिरीला तो लागला की खणणाऱ्याची चिंता मिटते.

म्हणून त्या बायकोच्या तोंडी मी ‘कोरडा माणूस आहे तो’ एवढंच घालीन. ती वैतागलेली असेल तर ‘नुसता दगड आहे’. ‘आतल्या गाठीचा’ टाळा, त्यात लबाडीचा वास येतो. ‘भावनाशून्य’ही नको, तो शब्द बायका नवऱ्याबद्दल बोलताना वापरत नाहीत, समीक्षक वापरतात.

उलटा प्रवास करायची वेळ आली तर एक जपा. ‘कोरडा माणूस’चं इंग्रजी ‘ड्राय’ करू नका. तिथला वाचक समजेल की हा गडी गंभीर चेहऱ्यानं विनोद करतो, नाहीतर त्यानं दारू सोडली आहे.