बिबट्याच्या नव्या अधिवासासाठी देणगी देताना

आपल्या मंडळाने महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयासाठी निधी जमवला आहे. त्यातून बिबट्यांसाठी नवा अधिवास आणि समोर काचेची प्रेक्षकगॅलरी बांधून गॅलरीला संस्थापकांचे नाव द्यावे, असा आपला विचार आहे आणि त्यात काही राहून जाते आहे का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे स्वयंसेवक म्हणून प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कीपर मंडळींसोबत काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपला हेतू उत्तम आहे, पण खर्चाचा क्रम बदलावा. सुरुवात गॅलरीपासून नव्हे, तर प्रेक्षकाला कधीच न दिसणाऱ्या रात्रनिवाऱ्यापासून व्हावी.

संध्याकाळी फाटक बंद झाल्यापासून सकाळची झाडलोट संपेपर्यंत बिबट्या त्या मागच्या खोलीतच असतो. तिथेच तो खातो, झोपतो, आजारी पडला तर तिथेच पशुवैद्य त्याला पाहतात. एका संग्रहालयात देणगीतून उभारलेल्या देखण्या अधिवासामागे मी ऐन श्रावणात उभा होतो. सरकत्या लोखंडी दाराच्या खालच्या खाचेत पाणी आणि माती साचून ते गंजले होते. कीपर दोन्ही हातांनी साखळी ओढत होता आणि दार वीतभर उघडून अडकत होते. मादी फटीपाशी येई, नाक आत घाली आणि दाराचा खडखडाट झाला की मागे सरून पावसात जाऊन बसे. तिला आत घ्यायला पाऊण तास लागला. त्याच वर्षी देणगीदारांच्या नावाची पाटी नव्याने रंगवली होती, मात्र दाराच्या दुरुस्तीसाठी पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, हे ठरलेले नव्हते. म्हणून आराखड्यात गंज न धरणारी दारे, पाण्याचा निचरा, उजेड, वारा आणि इंजेक्शन देताना प्राण्याला हळूच एका बाजूला घेणारा सरकत्या भिंतीचा पिंजरा या गोष्टी आधी मागा.

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या निकषांनुसार बिबट्याच्या जोडीसाठी बाहेरची जागा किमान ५०० चौ. मी. असावी लागते, वाघाच्या जोडीसाठी ती १००० चौ. मी. आहे. मात्र ही किमान मर्यादा आहे, आणि नुसत्या क्षेत्रफळाने बिबट्याचे भागत नाही. जर्मनीत कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये लोखंडी गजांऐवजी खंदक वापरून प्राणी मोकळे दाखवले, पण झाडावर सहज चढणाऱ्या या प्राण्याला केवळ खंदक अडवू शकत नाही, त्याला वरूनही जाळी लागते. जाळी आली म्हणजे उंची वापरता येते: मचाणे, आडव्या फांद्या, भिंतीलगतचे कट्टे. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी दाखवून दिले, की माणूस ठरावीक अंतराच्या आत आला की प्राणी दूर पळू पाहतो. तीन बाजूंनी काच लावली तर त्याला ते अंतर कुठेच मिळत नाही, मग तो कुंपणालगत तीच ती फेरी मारत राहतो आणि गवतात पायवाट पडते. काच एकाच बाजूला ठेवा आणि समोर दाट बांबू लावा. एखाद्या पाहुण्याला बिबट्या दिसणार नाही, हे गृहीत धरा आणि तसे फलकावर स्पष्ट लिहा.

देणगीतून चांगले अधिवास होतात, याबद्दल मला शंका नाही. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात २०२१ मध्ये जर्मनीहून दोन गोरिले आले, त्यांचा अधिवास इन्फोसिस फाउंडेशनच्या मदतीतून उभा राहिला. तिथे प्राणी दत्तक योजना २००१ पासून चालू आहे आणि तो पैसा रोजच्या खाण्यापिण्याला, देखभालीला लागतो. मुंबईत राणीच्या बागेतल्या हम्बोल्ट पेंग्विनांसाठी बारा महिने चोवीस तास १६ ते १८ अंश तापमान राखावे लागते; अशा ठिकाणी बांधकामाचा खर्च एकदाच होतो, चालवण्याचा मात्र कधी थांबत नाही. त्यामुळे मंडळाने सगळी रक्कम बांधकामात घालू नये. निदान चौथा हिस्सा दहा वर्षांच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवावा आणि त्याचा विनियोग करारात लिहून घ्यावा.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. वास्तुविशारद नेमण्याआधी संग्रहालयाचा मंजूर बृहत् आराखडा पाहून घ्या, कारण त्यात न बसणारा अधिवास प्राधिकरण मान्य करत नाही. प्राणी आणण्याचा निर्णयही संग्रहालय आणि वनविभाग घेतील. मात्र आपले मत विचारले, तर गोंडस पिल्लाचा हट्ट धरू नका. जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील निवारा केंद्रात पुन्हा जंगलात सोडता न येणारे बिबटे वर्षानुवर्षे राहतात. आपल्या राज्यातल्या अशाच एखाद्या बिबट्याला ही जागा मिळावी, असे मला मनापासून वाटते.

पाटी जरूर लावा, पण ती अधिवासाच्या आतल्या खडकावर नको, प्रेक्षकमार्गावर असू द्या. शक्य असेल तर संस्थापकांच्या नावाखाली त्या बिबट्याची रोजची देखभाल करणाऱ्या कीपरचेही नाव लिहा.