सतरा कलमं आणि एक जिना

प्रिय स.,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चाळिशीला दोन वर्षं उरली आणि ‘मला व्हायचं होतं ती बाई मी झालेच नाही’ म्हणून पाडव्याला वहीत सतरा कलमं लिहिलीत. पहाटे उठणं, पर्वती, रोज तीस पानं वाचन, जर्मन, साखर बंद, गाणं पुन्हा सुरू. महिन्याभरात वही कपाटात गेली. आणि मग शेवटी, जाता जाता एक ओळ: परवा लेक म्हणाली, ‘आई, तू घरी आलीस की मला भीती वाटते.’

अहो, पत्र तिथून सुरू करायचं होतंत!

प्रत्येक कलमापुढे एकच विचारा, हे कुणाला कधीच कळणार नसेल तरी मी करीन का? जर्मन तिथेच गळेल असा माझा अंदाज आहे. जाऊबाई शिकताहेत हे तुम्हीच लिहिलंय. पर्वतीच्या पायऱ्या १०३च, त्या कुठे जात नाहीत. गाणं मात्र खोडू नका. त्या दोन ओळींत तुमचं अक्षरसुद्धा सुधारलंय.

तुम्ही राहता त्या कर्वेनगराला हिंगणे म्हणत, तेव्हाची गोष्ट. १९०० साली तिथे विधवांच्या आश्रमासाठी झोपडी उभी राहिली आणि अण्णा कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं की पायी तिकडे जायचे. एकच वाट, तीही पावसाळ्यात चिखलाची.

तुमची वाट त्याहून फारच छोटी आहे. पार्किंगपासून दारापर्यंत. साडेसातला कर्वे रस्त्याची गर्दी कापून येता, स्कार्फ सोडत जिना चढता, दार उघडताच सोफ्यावर दप्तर दिसतं, त्यात न धुतलेला डबा, आणि तोंडातून पहिलं वाक्य निघतं ते डब्याचंच. उद्यापासून गाडी लावली की पाच मिनिटं तिथेच थांबा. स्कार्फची नीट घडी घाला. येत असलेली एखादी बंदिश गुणगुणा. वॉचमन बघेल, बघू दे. आत गेल्यावर काय बोलायचं ते खालीच ठरवून ठेवा. डबा आठ वाजताही घासता येतो.

एखाद्या दिवशी खेकसाल, नक्की. मग झोपायच्या आधी ‘चुकलं माझं’ म्हणा. त्यापुढे ‘पण तू सुद्धा’ नको.

हे शहाणपण मला उशिरा सुचलं. शाळेतून आले की चपला काढायच्या आधी मी ‘पंखा कुणी चालू ठेवला?’ विचारायचे. माझा मुलगा आज पंचेचाळीसचा आहे, आणि मी बेल वाजवली की अजून टीव्ही बंद करतो.

लेकीला यातलं काही सांगू नका. वही तेवढी तिला चित्रं काढायला देऊन टाका, कोरी पानं पुष्कळ उरली असतील.

तुमची,
मावशी