कासची फुलं तासगावात नकोत

प्रश्न : नव्या घरापुढं दोन गुंठे काळी जमीन आहे. एका कोपऱ्यात जुना कडुनिंब, मागं न्हाणीचं पाणी साचतं. महाबळेश्वरहून आणलेली हायड्रेंजियाची रोपं एप्रिलात करपली. दरवर्षी नवी रोपं लावून मी दमले. कासच्या फुलांचं बी लावलं तर?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, कासचं नाव सोडा. तिथलं फूलही तोडायचं नसतं. शिवाय तेरडा, गेंद, सीतेची आसवं हे बहुतेक एकाच पावसाळ्याचे पाहुणे. कातळावरच्या बोटभर मातीत उगवायचं, बी टाकून संपायचं. तुमच्या कसदार काळ्या रानात हरळीच त्यांना गिळेल. हायड्रेंजियाचंही तेच, जागाच चुकली. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तासगावला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा!

आधी रोप घ्यायचं आणि मग जागा शोधायची, ही आपली खोड. जर्मनीत रिचर्ड हान्सेन या बागतज्ज्ञांनी बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या, झाडांची वाटणी केली ती झाड मुळात राहतं कुठं यावर : रान म्हणजे झाडी, रानाची कड, उघडा माळ, खडक, पाणकाठ. त्यांची झाडं आपल्या कामाची नाहीत, वाटणी मात्र उचलावी.

तुमचा कडुनिंब म्हणजे रानाची कड. त्याची मुळं वरची ओल ओढतात, म्हणून तिथं अडुळसा, शतावरी लावा. सावलीच्या कडेला, जरा उन्हात, अबोली. तिथंच पालापाचोळा कालवून भुईचाफ्याचे कंद पुरा. हिवाळ्यात पानं वाळली की सासूबाई म्हणतील, मेलं. म्हणू देत. खूण म्हणून काठी रोवा आणि पाणी तोडा. झोपलेल्या कंदाला रोज पाणी घातलं तर तो कुजतो. उन्हाळ्यात पानांआधी फूल थेट मातीतून वर येतं.

घरापुढच्या उन्हात तरवड आणि कोरांटी. कळलावीही तिथंच, पण काळी माती पाणी धरते, तेव्हा मुरूम घालून वरंबा करा. तिचा कंदच काय, सगळं झाडच विषारी. घरात लहान मूल असेल तर ती नकोच.

न्हाणीच्या पाण्यावर ऊन येत असेल तर वाळा आणि कर्दळ. कर्दळ मूळची अमेरिकेतली, पण पाणथळ जागा तिला मानवते. लागण मृगाचा पाऊस झाल्यावर, माती वाफशावर आली की करा. चिखलात कुदळ घालू नका. आणि कर्दळीचे गड्डे विकत घेऊ नका, गल्लीत कुणीही फुकट देईल.