रोज शुभवर्तमान वाचतो, पण मनन होत नाही. मुंबईच्या धावपळीत ते कसं जमवावं?

तुम्ही लिहिलंय की सकाळची अंबरनाथ लोकल गाठायची असते, हाताशी जेमतेम पंधरा मिनिटं, त्यात चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेलं ‘आजचं वचन’ वाचून निघता आणि दादर येईपर्यंत ते डोक्यातून गेलेलं असतं. एवढं पुरतं का, हा तुमचा प्रश्न. माझं स्पष्ट मत, नाही पुरत. सुटं वचन डोक्यात टिकणार कशाच्या आधारावर?

‘विश्वास ठेवणाऱ्याला सर्व काही शक्य आहे’ हे वचन सूर्योदयाच्या नाहीतर गुलाबाच्या चित्रावर तुम्हाला कितीदा तरी आलं असेल. ते आहे मार्काच्या नवव्या अध्यायात, म्हणजे येशूची कहाणी सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानांपैकी मार्काच्या. आता तिथली १४ ते २९ ही वचनं सलग वाचा. येशू पेत्र, याकोब आणि योहानाला घेऊन डोंगरावरून उतरतो, तर खाली गोंधळ चाललेला. एका बापाने झटके येणाऱ्या मुलाला आणलंय, मागे राहिलेल्या शिष्यांना काही करता आलेलं नाही, शास्त्री त्यांच्याशी हुज्जत घालताहेत आणि भोवती बघ्यांची गर्दी. मुलगा समोर जमिनीवर लोळतोय, तोंडाला फेस आलाय, आणि येशू बापाला विचारतो, हे किती दिवसांपासून होतंय? बाप सांगतो, लहानपणापासून. कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. तुम्हाला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा. या ‘येत असेल तर’ला येशूने दिलेलं उत्तर म्हणजे ते गुलाबावरचं वचन.

त्याच्या पुढचं वाक्य मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. बाप ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका! दोन्ही एका दमात. आणि मुलगा बरा होतो. म्हणजे असला अर्धामुर्धा विश्वासही तिथे चालून गेला. ज्याचं मूल हॉस्पिटलात आहे त्याला ते चित्रावरचं वचन पाठवून बघा, तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसेल की माझा विश्वास कमी पडला. आख्खा प्रसंग वाचलेल्याला त्या बापाची सोबत मिळते. ही घटना मत्तय आणि लूक यांनीही दिली आहे, पण बापाचं हे वाक्य एकट्या मार्कातच सापडतं.

एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर सोपं जाईल. शुभवर्तमान लिहिलं गेलं तेव्हा त्यात वचनांचे आकडे नव्हतेच. आज आपण वापरतो ते आकडे रोबेर एतियेन या मुद्रकाने १५५१ मध्ये छापलेल्या ग्रीक नव्या करारात घातले. अध्याय त्याआधीचे, तेराव्या शतकातले. ठळक मथळे तर छापणाऱ्यांनी वाचकाच्या सोयीसाठी दिलेले. त्या मथळ्यांवरही फार विसंबू नका. मार्काच्याच अकराव्या अध्यायात येशू भुकेला आहे, अंजिराच्या झाडापाशी जातो, फळ मिळत नाही म्हणून त्याला शाप देतो, आणि मार्क वर हेही सांगतो की तो अंजिरांचा हंगाम नव्हता! एवढाच तुकडा वाचला तर माणूस चक्रावतो. पण मार्काने त्या झाडाच्या गोष्टीच्या पोटात मंदिराची गोष्ट घातली आहे. आधी शाप, मग मंदिरातले सराफांचे चौरंग उलथणं, आणि दुसऱ्या सकाळी मुळापासून वाळलेलं झाड. पानं भरपूर, फळ नाही, ते झाडाबद्दलच आहे की मंदिराबद्दल? मी तरी ते मंदिराबद्दल वाचतो. असंच त्याने याईर नावाच्या माणसाच्या मुलीच्या गोष्टीत बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई आणून बसवली आहे, आणि ती मुलगीही बारा वर्षांचीच आहे.

आता तुमच्या पंधरा मिनिटांचं. घरी फक्त वाचा, तेही मोठ्याने, एक पूर्ण प्रसंग, जमलं तर दोनदा. अर्थ काढायची घाई नको. मनन गाडीत करा, फोन खिशात ठेवून. आपल्याकडे पारायण वेगळं आणि एकच अभंग दिवसभर घोळवणं वेगळं. तुम्हाला हवंय ते दुसरं. त्या गर्दीत मी कुठे उभा असतो? झटके चालू असताना येशूने आधी ‘किती दिवसांपासून’ का विचारलं? हात टेकलेले ते शिष्य तेव्हा कुठे बघत असतील? (मी स्वतः बहुतेक वेळा हुज्जत घालणाऱ्यांतच सापडतो.) डब्यात भजनी मंडळ टाळ वाजवत असेल तर वाजवू द्या, त्याने काही मोडत नाही.

रोज काहीतरी ‘मिळालंच’ पाहिजे हा हट्ट मात्र सोडा. वहीत लिहायचंच तर शिकवण न लिहिता पडलेला प्रश्न लिहा. काही दिवस कोरडे जातात, जाऊ देत.

गाडीत कसलं आलंय मनन, असं कोणी म्हणालं तर त्यांना रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण द्या. त्यांच्या हाती नवा करार पडला तोच आगगाडीत, राजनांदगावला जाताना, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांचा पाय निघेना. मत्तयाचे तेवढे तीन अध्याय. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईतच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

सुरुवात मार्कापासून करा. सोळाच अध्याय, चारांत सर्वांत लहान. एखाद्या रविवारी भक्तीहून आल्यावर तो एका बैठकीत वाचून काढा, दीड-दोन तास लागतील, आणि सोमवारपासून प्रसंगाप्रसंगाने घ्या. तुम्ही कॅथलिक असाल तर निवड आधीच झालेली आहे: सामान्य काळात (म्हणजे मोठ्या सणांच्या आणि उपवासाच्या काळाबाहेरच्या आठवड्यांत) रविवार सोडून इतर दिवसांच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पहिले नऊ आठवडे मार्क, मग एकविसाव्यापर्यंत मत्तय आणि पुढे लूक असतो. त्याच क्रमाने चाला.

तो क्रम पाळत नसाल तर मार्क संपल्यावर लगेच मत्तय घेऊ नका, मार्कातला बराचसा मजकूर तिथे पुन्हा येतो. योहान घ्या. तिथे प्रसंग कमी आणि संभाषणं लांब, म्हणून दिवसाला थोडंच. विहिरीवरच्या शोमरोनी (शोमरोन भागातल्या) बाईचा चौथा अध्याय आठवडाभर पुरेल.