‘हवाई वर्चस्व’ कधी म्हणावं आणि ‘मज्जाव’ कधी?

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या नाशिकच्या एका वाचकांनी विचारलं आहे: “युद्धाच्या बातम्यांत ‘हवाई वर्चस्व’ आणि ‘हवाई प्रभुत्व’ असे दोन्ही शब्द वाचतो. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि युक्रेनच्या युद्धात रणगाडे, खंदक, ड्रोन यांवर रकानेच्या रकाने येतात, लढाऊ विमानांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. जगातल्या मोठ्या हवाई दलांपैकी एक त्या युद्धात आहे. मग ते गेलं कुठे?”

हे दोन्ही प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून उत्तर एकत्रच देतो.

‘प्रभुत्व’ आधी बाजूला काढू. मराठीत प्रभुत्व असतं भाषेवर, विषयावर, तबल्यावर. त्यात कौशल्याचा, हुकमतीचा अर्थ आहे. ‘वैमानिकाचं विमानावर प्रभुत्व’ हे बरोबर, पण एका हवाई दलाने दुसऱ्याला जमिनीवर बसवलं हे सांगायला तो शब्द उपयोगाचा नाही. ‘वर्चस्व’ त्यापेक्षा बरा. संस्कृत ‘वर्चस्’ म्हणजे तेज. त्यातून आलेल्या या शब्दाचा ‘वर’शी संबंध नाही, तरी मराठी कानाला तो तसाच ऐकू येतो आणि त्याने काही बिघडत नाही. बिघडलं आहे ते वापराने. बाजार समितीत दोन जागा जास्त आल्या की दुसऱ्या दिवशी मथळा तयार: ‘अमुक पॅनेलचं वर्चस्व’. निसटत्या बहुमतालाही वर्चस्व आणि समोरचा पार नेस्तनाबूत झाला तरी वर्चस्वच.

युद्धशास्त्रात या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. पहिली अशी, की ठरावीक वेळी, ठरावीक जागी आपली विमानं आपलं काम करू शकतात आणि शत्रू त्यांना परवडणार नाही इतका त्रास देऊ शकत नाही. दुसरी, की शत्रूचं हवाई दल कुठेच, कधीच आड येऊ शकत नाही. पहिल्या अवस्थेला मी ‘हवाई वरचष्मा’ म्हणेन आणि दुसरीसाठी ‘निर्विवाद हवाई वर्चस्व’ राखून ठेवेन. वरचष्मा आज असतो, उद्या जातो, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

१९७१ च्या युद्धात दोन्ही अवस्था शेजारी-शेजारी दिसतात. पूर्वेकडे पाकिस्तानची सेबर विमानं ढाक्याच्या तेजगाव तळावर होती. आपल्या मिग-२१ विमानांनी ६ डिसेंबरला तिथली धावपट्टी फोडली आणि मग ती सेबर विमानं उडालीच नाहीत. (ही मिग-२१ एफएल विमानं आपल्या ओझरलाच तयार होत होती, प्रश्न विचारणाऱ्यांना हे मी सांगायला नको.) १४ डिसेंबरला ढाक्याच्या राजभवनावर भरदिवसा हल्ला झाला, गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. हे निर्विवाद वर्चस्व. पश्चिमेला चित्र वेगळं होतं. ५ डिसेंबरच्या सकाळी लोंगेवालाच्या वाळूत पाकिस्तानी रणगाडे हवाई छत्राशिवाय आले आणि जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी त्यांना टिपलं. त्या सकाळी, त्या जागी आपला वरचष्मा होता. पण पश्चिम सीमेवर सगळीकडे, सगळे दिवस तो होता असं म्हणता येणार नाही. दोन्हींना एकच शब्द लावला की हा फरक वाचकाच्या हाती लागत नाही.

आता तिसरी अवस्था. युक्रेनची गोष्ट कळत नाही ती इथे. समजा, माझ्याकडे पुरेशी विमानं नाहीत, आकाश मी जिंकू शकत नाही. पण रडार, क्षेपणास्त्रं आणि जागा बदलत राहणारे ट्रक यांच्या जोरावर मी तुझ्या विमानांनाही आत पाऊल टाकू देत नाही. वरचष्मा माझा नाही आणि तुझाही नाही. यासाठी मराठीत अगदी नेमका शब्द पडून आहे, तो म्हणजे मज्जाव. नाशिककरांना त्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो याच शब्दाविरुद्ध: अस्पृश्य ठरवलेल्यांना देवळात मज्जाव. दारं बंद आणि दाराशी अडवणारे उभे, असा त्या शब्दाचा अंगचा अर्थ आहे. त्या अन्यायाची आणि रणनीतीची बरोबरी मी करत नाही. शब्द केवढा ठाम आहे ते दाखवतो आहे.

काही जण इथे ‘उड्डाणबंदी’ सुचवतील. ती वेगळी. १९९१ नंतर इराकच्या उत्तरेला आणि दक्षिणेला उड्डाणबंदी लादली गेली ती आकाश पूर्ण हातात असलेल्यांकडून. उड्डाणबंदी बलवान लादतो, मज्जाव दुबळाही करू शकतो. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये सुएझ कालव्याकाठी इजिप्तने क्षेपणास्त्रांच्या छत्राखाली इस्रायली विमानांना तो केला. १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे त्या छत्राबाहेर सरकले आणि मोठी हानी झाली. कारगिलमध्ये तर खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांनी काही उंचीपर्यंत मज्जाव केला होता. २७ मे १९९९ ला मिग-२१ आणि दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. त्यानंतर हल्ल्याच्या कामातून ही हेलिकॉप्टरं काढली आणि विमानं अधिक उंचीवरून मारा करू लागली.

तेव्हा रशियन हवाई दल कुठे गेलं? ते आहे, पण आत येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनची एस-३०० आणि बुक ही जमिनीवरून विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं रशियाला पुरती मोडता आली नाहीत. जवळ आलेली विमानं पडू लागली. मग रशियाने जुन्या बॉम्बना पंख आणि दिशादर्शक संच बसवले. विमान आपल्याच बाजूला राहून बॉम्ब सोडतं आणि तो तरंगत कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतो. २०२४ च्या सुरुवातीला युक्रेनचं अवदिइव्हका शहर रशियाच्या हाती पडलं त्यात या ग्लाइड बॉम्बचा मोठा वाटा होता. युक्रेनलाही हेच बंधन आहे: ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची एफ-१६ विमानं समोर आली, पण आघाडीवर मोकळेपणी ती फिरू शकत नाहीत.

न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. विमान आलं नाही, ही बातमी कोण देणार? वार्ताहराला दिसतो तो चिखल, खंदक, डोक्यावरचा ड्रोन. पण ड्रोनला आणि खंदकाला एवढं महत्त्व आलं त्याचं एक मोठं कारण वरच्या मज्जावात आहे. विमानं मोकळी फिरत असती तर वर्षानुवर्षं जागच्या जागी गोठलेली आघाडी टिकली असती का, याची मला दाट शंका आहे.

आणखी एक सवय हे मौन वाढवते: ‘हवाई हल्ला झाला’. क्रूझ क्षेपणास्त्र असो, शाहेद ड्रोन असो, ग्लाइड बॉम्ब असो, सगळं त्याच पोत्यात. ‘हवाई हल्ल्यात इमारत कोसळली’ या वाक्यात कोणी, कशाने, कुठून हे काहीच नाही. ड्रोन शेकडो किलोमीटरवरून येतो, ग्लाइड बॉम्बसाठी विमानाला आघाडीजवळ यावंच लागतं. शस्त्राचं नाव घातलं की आकाशात काय चाललं आहे ते वाचकाला आपोआप कळतं. एक शब्द जास्त लिहायचा, एवढंच.

काही मौन हुकमाचं असतं आणि ते मला मान्य आहे. युक्रेनने मार्च २०२२ मध्येच सैन्याच्या हालचाली परवानगीविना प्रसिद्ध करणं गुन्हा ठरवलं. आपल्याकडे २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी कारवाईचं थेट प्रक्षेपण करू नये अशी सूचना दिली, त्यात कारगिल, २६/११ आणि कंदहार विमान अपहरणाची आठवण करून दिली होती. ऑपरेशन सिंदूर ७ मेला सुरू झालं. आपलीही विमानं पडली हे सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी ३१ मेला सिंगापुरात, आकडा न देता, मान्य केलं. पाकिस्तानची पाच लढाऊ आणि एक मोठं विमान पाडल्याचं हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांनी सांगितलं ते ९ ऑगस्टला. सैनिकांच्या जिवासाठी थांबणं समजतं. त्या पोकळीत वाहिन्यांनी ‘पूर्ण वर्चस्व’ ओरडत बसणं समजत नाही. माहिती नसताना सगळ्यांत वरची पायरी गाठणारा शब्द वापरणं ही वाचकाची फसवणूक आहे.

वापराबद्दल शेवटचं. ‘हवाई मज्जाव’ असा जोडशब्द शीर्षकात चालेल, मजकुरात मात्र मराठीची नेहमीची रचना ठेवावी: ‘रशियन विमानांना युक्रेनच्या आकाशात मज्जाव आहे’, ‘मज्जाव केला’, ‘मज्जाव मोडून काढला’. कुणाला आणि कुठे, हे दोन्ही ती रचना मागून घेते. ‘हवाई दल’ की ‘वायुदल’, हा प्रश्न पुष्कळदा येतो. दोन्ही शुद्ध, दोन्ही रूढ. एका बातमीत एकच वापरा म्हणजे झालं. ‘वायुसेना’ हे अधिकृत हिंदी नाव आहे, ते नावापुरतं ठेवावं.