ग्रेडियस: मोआईच्या लेव्हलला एकदा मेलं की सगळं संपतं, त्यावर काय करायचं?

तुम्ही विचारलंय की तीन महिने ग्रेडियस, म्हणजे विमानानं शत्रूंना गोळ्या घालत पुढे जायचा तो कोनामीचा गेम, खेळताय, पहिला बॉस आता डोळे मिटून मारता, पण तिसऱ्या लेव्हलला, मोआई नावाच्या त्या दगडी तोंडांच्या गर्दीत, एकदा मेलात की पुढची सगळी विमानं तिथंच जातात. हात स्लो आहेत का, आणि तो प्रसिद्ध 'वर वर खाली खाली' कोड वापरला तर चीटिंग होईल का?

हातांचं आधी सांगतो. पहिला बॉस रोज मरतोय म्हणजे हात ठणठणीत आहेत. तुमची अडचण वेगळी आहे: तुम्हाला श्रीमंत, म्हणजे शस्त्रांनी सजलेलं विमान चालवता येतं, कफल्लक विमान चालवता येत नाही. हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण माझी पंचवीस वर्षं याच चुकीत गेली.

आमच्याकडे हा गेम ६४ इन १ कॅसेटमध्ये आला. नाव वगैरे कुणाला ठाऊक नव्हतं, आम्ही त्याला 'विमानाचा गेम' म्हणायचो. मे महिन्यात आतेभाऊ यायचे, एकेक लाइफ वाटून घ्यायचो, आणि ज्याच्या वाट्याला पहिलं विमान यायचं तो राजा. दुसऱ्या-तिसऱ्या विमानाला काही अर्थच नसायचा. पहिलं गेलं की बाकीच्यांनी नुसतं एकामागोमाग मरायचं आणि पॅड पुढच्याच्या हातात द्यायचं. त्यात मधेच लाइट जायची, किंवा अडॅप्टर इतका तापायचा की आई येऊन प्लगच काढायची. सेव्ह बिव्ह काही नव्हतं. (गंमत म्हणजे १९८५ साली कोनामीनं हा गेम पार्लरसाठी काढला तेव्हा त्याच्या बबल सिस्टिम नावाच्या मशीनची तक्रार नेमकी उलटी होती. त्यातली मेमरी गार असताना चालतच नसे. मशीन सुरू केलं की आधी ते तापेपर्यंत पडद्यावर उलटे आकडे मोजले जायचे, आणि तोवर खास बनवलेलं एक संगीत वाजायचं.)

'पहिलं विमान राजा' का, तर त्याचा हिशेब मांडून बघा. लाल कॅप्सूल घेतली की खालच्या पट्टीवरचा दिवा एक घर पुढे सरकतो: स्पीड, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन (तुमच्यासोबत गोळ्या झाडणारा एक गोळा), आणि शेवटच्या घरात प्रश्नचिन्ह, म्हणजे शिल्ड. बटण दाबलं की त्या घरातली वस्तू मिळते आणि दिवा परत शून्यावर. म्हणजे स्पीडची किंमत १ कॅप्सूल, मिसाइलची २, लेझरची ४, ऑप्शनची प्रत्येकी ५, शिल्डची ६. दोन स्पीड, मिसाइल, लेझर, दोन ऑप्शन आणि शिल्ड असा पूर्ण थाट करायला २४ कॅप्सूल लागतात. शिल्ड संपल्यावर एक ठिणगी लागली की चोवीसच्या चोवीस गेल्या, आणि तुम्ही मागच्या चेकपॉइंटला (मेल्यावर गेम जिथून परत सुरू होतो त्या जागी) बैलगाडीच्या वेगानं. होत्याचं नव्हतं. या प्रकाराला 'ग्रेडियस सिंड्रोम' असं नावच पडलंय, इतका तो जुना आजार आहे.

आपण सराव कसा करतो? मेलो की पुन्हा सुरुवातीपासून. म्हणजे पहिली लेव्हल तीनशे वेळा, आणि तीही दर वेळी पूर्ण थाटात. मोआईजवळच्या चेकपॉइंटपासून रिकाम्या हातानं पुढे जायचा सराव किती? शून्य. कारण तिथं मेलो की चिडून आपण पॅड टाकतो.

आता तुम्ही नव्या कलेक्शनवर खेळत असाल (२०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेलं ग्रेडियस ओरिजिन्स किंवा तसं कुठलंही) तर त्यात सेव्ह आणि रिवाइंड (गेम काही क्षण मागे नेणं) दोन्ही आहे. रिवाइंडला हात लावू नका. चूक पुसता येते, पण पुसलेल्या चुकीतून काही शिकता येत नाही. सेव्ह मात्र जरूर वापरा, फक्त उलट्या जागी. लोक सगळं मिळाल्यावर सेव्ह करतात. तुम्ही मोआईच्या लेव्हलमध्ये मुद्दाम मरा, चेकपॉइंटला नंगं विमान आलं की त्या क्षणी सेव्ह करा, आणि रोज पंधरा मिनिटं तिथूनच सुरू करा. दुसरं काही खेळू नका. मी हे एक आठवडा केलं आणि पाचव्या दिवशी पार झालो.

त्या पंधरा मिनिटांत नेमकं काय करायचं ते सांगतो.

पहिली कॅप्सूल स्पीडला. यावर चर्चा नको. दुसरी स्पीड मिळाली तर घ्या, तिसरी चौथी नको. या गेममध्ये घेतलेला वेग परत देता येत नाही, आणि चार स्पीडवालं विमान अरुंद जागेत स्वतःच भिंतीला जाऊन आपटतं. भिंतीला नुसता स्पर्श झाला तरी मरण आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं जितका वेग तितकं भारी. निम्मी विमानं आम्ही डोंगरावर घातली.

मग मिसाइल, आणि मग सगळा मोह आवरून पाच कॅप्सूल साठवून ऑप्शन. मधे डबल आणि लेझरची घरं लागतात तेव्हा अंगठा शिवशिवतो. दाबू नका. लेझर दिसायला झकास आहे, पण एक ऑप्शन म्हणजे तुमचं दुसरं विमान, आणि त्याला मरणच नाही. डबलबद्दल माझं मत वाईट आहे: एक गोळी सरळ, एक तिरकी वर, आणि लेझर घेतला की डबल जातो, डबल घेतला की लेझर. जाणकार भांडतील, भांडू देत.

ऑप्शनचा खरा उपयोग मला फार उशिरा कळला. तो गोळा तुमच्या मागे बांधलेला नसतो, तो तुम्ही गेलेल्या वाटेवरून चालतो. तुम्ही थांबलात की तोही असेल तिथं थांबतो. म्हणजे थोडं पुढे जाऊन लगेच मागे आलात की तुम्ही मागे, आणि बंदूक पुढे राहते. मोआईचं तोंड उघडलं की त्यातून कड्या सुटतात, आणि त्याला लागतं तेही फक्त उघड्या तोंडातच. तेव्हा तोंडासमोर ऑप्शन उभा करायचा, आपण बाजूला. कड्या गोळीनं फुटतात हे विसरू नका. आम्ही वर्षानुवर्षं त्या फक्त चुकवत होतो! आणि मोआई मागे टाकला म्हणजे सुटलात असंही नाही, काहींची तोंडं उलट्या बाजूला आहेत.

ऑप्शन मिळेपर्यंत साध्या गोळीवर तग कसा धरायचा? पडद्यावर एका वेळी तुमच्या मोजक्याच गोळ्या राहू शकतात. जुनी गोळी कशाला तरी लागल्याशिवाय किंवा बाहेर गेल्याशिवाय नवी सुटत नाही. म्हणून लांबून बटण कितीही बडवा, मारा मंदच. जवळ गेलात की गोळी लगेच लागते, लगेच पुढची सुटते. भीतीनं आपण डाव्या कडेला चिकटतो आणि त्यामुळेच मरतो. कोणता मोआई आधी मारायचा, कोणता सोडायचा, हे ठरवून ठेवा. शत्रू दर वेळी त्याच जागी येतात, त्यामुळे पाठांतर कामाला येतं. पाढे पाठ केले असतील तर हे काय!

आणखी एक, थोडं विचित्र वाटेल असं. या मालिकेत तुम्ही जितके सजता तितका गेम चवताळतो. विमान भारी झालं की शत्रू जास्त गोळ्या झाडतात. त्यामुळे मेल्यानंतरचा पहिला मिनिट वाटतो तितका वाईट नसतो. नंग्या विमानाला गेम थोडी दयामाया दाखवतो.

आता कोडचं. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. आपल्याकडे तो काँट्रा या दुसऱ्या गेममधल्या ३० लाइफसाठी पाठ असतो, पण त्याचा जन्म याच गेममध्ये झाला. १९८६ ला ग्रेडियसची घरच्या मशीनवरची आवृत्ती कझुहिसा हाशिमोतो तयार करत होते. तपासण्यासाठी गेम शेवटपर्यंत खेळावा लागायचा आणि तो त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून पॉज करून हा कोड टाकला की जवळपास सगळी शस्त्रं एकदम मिळावीत अशी सोय त्यांनी करून ठेवली, आणि ती तशीच बाजारात गेली. २०२० मध्ये ते वारले. बनवणाऱ्यालाच जो लागला तो तुम्ही वापरलात तर कसली चीटिंग? फक्त त्यानं तुमचं दुखणं बरं होणार नाही, कारण कोडनंही तुम्ही श्रीमंतच होता. आणि सुपर निन्टेंडोवरच्या ग्रेडियस ३ मध्ये हाच कोड जसाच्या तसा टाकू नका. तिथं तो टाकला की विमान फुटतं. बनवणाऱ्यांचा खट्याळपणा!

चौथी लेव्हल म्हणजे उलटी टांगलेली पहिली, तिथं तुम्हाला फार त्रास होणार नाही. पाचवीतले हात लांब करणारे प्राणी वैताग देतील, पण तोवर तुम्हाला रिकाम्या हाताची सवय झालेली असेल.

मी सातवी लेव्हल पार केली तेव्हा चाळिशी जवळ आली होती. रात्रीचे साडेबारा, घरात सगळे झोपलेले. शेवटचा बॉस म्हणजे किल्ल्यात लटकलेला एक मोठा मेंदू, आणि तो एकही गोळी झाडत नाही. मी क्षणभर बटणच दाबलं नाही, नुसता बघत राहिलो. मग मारला. आतेभावाला फोन करावासा वाटला, पण वेळ बघून मेसेज टाकला. तोवर गेमनं मला परत पहिल्या, ज्वालामुखीच्या लेव्हलला आणून सोडलं होतं, या वेळी दुप्पट चिडलेल्या शत्रूंसकट, आणि मेसेज टाइप करता करता मी तिथं मेलो.